चाळीस मजल्यांची खूण

उरण, कोळीवाडा
१९ जानेवारी २०२५

रुतिका बाय,

काकाचा आशीर्वाद घे, पन आधी जेव. काकी सांगते तू सुकून काडी झालीस.

फोनवर मी काय बोलनार? फोन लागला का काकी हिसकावते, आनि माझी पाली येते तवा तू बोलतेस, "चल काका, ठेवते." म्हनून नेमीसारखी चिठ्ठी. काकी सकाली जुईनगरच्या मार्केटात मावरा इकायला येते, तिच्या टोपलीतून येईल. वास आला तर बोंबलाचा हाय, माझा नाय.

काकी सांगत होती, तुझ्या हापिसात बेलापूरच्या खाडीवर मोठी बिल्डिंग काढायचा चाललाय, आनि रेघा मारनाऱ्यांत तू पन हायस. ऐकून छाती फुगली गो. तुझा बापूस असता तर आख्ख्या कोळीवाड्याला चहा पाजला असता. तो नाय, म्हनून मी पाजला. काकीला सांगू नको.

एक सांगतो. काढायचीच तर उंच काढ. आनि बाकीच्यांसारखी नको. पान्यातनं बेलापूर बघितला तर तुमच्या बिल्डिंगी कशा दिसतात ठावूक हाय? फडताळात लावलेले डबे. मीठ कंचा, साखर कंची, काय कलत नाय. एक तरी अशी कर का लांबनं बघून मानूस बोलंल, "ती बघ!" डोक्यावर कायतरी वाकडातिकडा बसव. रंग भडक दे. लाजू नको.

होलीला ये. कोलंबी राखून ठेवतो.

तुझा काका
बाळाराम

---

जुईनगर
२ फेब्रुवारी २०२५

काका,

तुझी तब्येत बरी आहे ना? का चिठ्ठी दुसऱ्याच कुणी लिहिली? पहिला काचेचा टॉवर उभा राहिला तेव्हा "कोंबड्यांचं खुराडं" म्हणून तीन दिवस शिव्या घालणारा माणूस तूच ना? आता म्हणे उंच काढ, भडक काढ. काकीने चहात काय घातलं तुझ्या?

बरं, ऐक. ऑफिसात दोन डिझाइन आहेत. एक म्हणजे एकच टॉवर, चाळीस मजल्यांचा, वर जाताना अंग पिळल्यासारखा वळलेला. क्लायंटला तो हवाय. विमानतळामुळे एवढ्या उंचीची परवानगी मिळेल का हाही प्रश्नच आहे, पण त्यांना पोस्टरवर छापायला काहीतरी पाहिजे. दुसरं डिझाइन चार ठेंगण्या इमारतींचं, दहा-दहा मजल्यांच्या, मधे मोकळं अंगण. खाडीचा वारा आरपार जाईल, आणि लिफ्ट बंद पडली तरी माणूस जीव न सोडता घरी पोचेल.

आमच्या नंदिनी मॅडम टॉवरवाल्या. त्यांचं म्हणणं, "या शहराला पन्नास वर्षं झाली, तरी इथली माणसं बाहेरगावी गेली की 'मुंबईजवळ राहतो' म्हणून सांगतात. स्वतःचा चेहरा कधी मिळणार आपल्याला?" बोलतात असं की मान हलवावीशी वाटते. पण मी हलवली नाही.

कारण तुला सांगते. मी नऊ-दहा वर्षांची असताना तू मला बोटीत घेऊन गेलेलास आणि शिकवलेलंस: आपल्या देवळाचा कळस द्रोणागिरीच्या टोकाखाली आला, आणि समोर पारसिकच्या डोंगरातली खाच बेलापूरच्या टाकीवर बसली, की इंजिन बंद कर, तीच आपली जागा. आजोबांची जागा, त्यांच्या वडलांची जागा. आठवतं? मी नकाशावर पट्टी ठेवून बघितलं. तो चाळीस मजल्यांचा बाप्या बरोब्बर त्या खाचेसमोर उभा राहतोय. माझ्या काकाची खूण मी माझ्याच हाताने बुजवू? जमणार नाही. मी मीटिंगमध्ये ठेंगण्या इमारतींच्या बाजूने बोलणार आहे. नोकरी लागून दीडच वर्ष झालंय, आणि बोलायचंय मॅडमच्या विरोधात. पण बोलणार.

आणि तुझं अक्षर एवढं मोठं का झालंय? पहिलीतल्या पोरासारखं. एका ओळीत चारच शब्द.

तुझी
रुतिका

---

उरण
१६ फेब्रुवारी २०२५

बाय रुतिका,

अक्षराचा काय घेऊन बसलीस? नवीन पेन हाय, जाडा लिवतो.

तुझी चिठ्ठी काकीनं वाचून दाखवली, कारन माझा चष्मा तुझ्या निकेशदादानं बुडाखाली घेतला. वाचताना ती रडली. कांदा कापत होती असा बोलते.

तू खुना इसरली नायस, बरा वाटला. पन आता पारसिकचा काय सांगतेस? तो डोंगर हाय कुठं? एवरी धूल, एवरा धूर, डोंगर दिसतोच कुनाला? गेला तो. मेलेल्याच्या तोंडावर पान्याचा हबका मारून काय उपेग? तुझी बिल्डिंग तिथंच उभी राहते ना, बरोब्बर खाचेवर? मंग झाला की. डोंगराच्या जागी बिल्डिंग. देवानं एक खूण नेली, सरकारनं दुसरी दिली.

मना एवराच सांग, ती जाडी किती? रंग कंचा? वरती दिवा लावनार का? दिवसा पन लावता येईल का? मॅडमला इचार.

निकेश गोदामातनं आला का रोज मागं लागतो, मोबाइलमधला नकाशा वापर बाबा, तो बान दाखवतो. मी बोललो, ज्या दिशी बान बघून जाला टाकायची येल येईल त्या दिशी मी जाला न टाकता बानच मारीन तुना. परवा जरा इंजिनानं दगा दिला, बोट भरकटली, वशेनीकरांच्या जाल्यावर गेली. जाला फाटला त्यांचा. मी निकेशसंगं बसून शिवून दिला. इंजिनच तसा, काय करनार.

तू मॅडमच्या इरोधात जाऊ नको. उंच काढ.

काका

---

जुईनगर
९ मार्च २०२५

काका,

तू मला काय समजतोस रे? धुराने डोंगर गेला म्हणे! मी काल जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या गच्चीवर गेले. पारसिक समोर लख्ख उभा होता, खाचेसकट. तुला दिसत नाही असं होईल का? समुद्रात पाच मैलांवरचा सीगल कुठल्या माशावर टपलाय ते सांगणारा माणूस तू.

मला कळलं तुझं राजकारण. पोरीची नोकरी जाऊ नये म्हणून तू स्वतःची खूण सोडून द्यायला निघालास. दिव्याची चौकशी काय, रंग काय! काका, वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं माझ्या. माझी रूममेट अर्पिता म्हणाली, मासळीच्या वासाने एवढं रडतेस होय? लहानपणापासून तू हेच करत आलास. चांगला तुकडा माझ्या ताटात, आणि "मना काटाच आवडतो." पुरे झालं. या वेळी काटा मी खाणार.

तर मी मीटिंगमध्ये बोलले. शहराला चेहरा पाहिजे हे खरं, पण आपल्याकडे डोंगराचा चेहरा आधीच आहे, आणि एक माणूस अजून तो बघून रोज आपली जागा शोधतो, असं सांगितलं. तुझं नाव घेतलं. कळस आणि खाच, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. काका, क्लायंटचे स्वानंद सर म्हणाले, "हे तर टॉवरपेक्षा भारी आहे." आता ठेंगण्या इमारतींकडे पारडं झुकलंय. मॅडमसुद्धा रागावल्या नाहीत, उलट पाठीवर थाप मारली.

आणि आता खरी गंमत ऐक. त्यांना तुला भेटायचंय. पाच एप्रिलला, शनिवारी, आम्ही सगळे तुमच्या मोरा बंदराच्या धक्क्यावर येतोय. तू बोटीतून न्यायचंस, आणि कॅमेऱ्यासमोर जागा कशी शोधतोस ते करून दाखवायचंस. मग त्यांचा निर्णय पक्का. पांढरा सदरा इस्त्री करून ठेव. लाल टोपी विसरू नको.

तुझी हट्टी
रुतिका

---

उरण
११ मार्च २०२५

रुतिका,

येऊ नका. बोट डांबर मारायला वर काढलीय. मी काय सर्कशीतला माकड नाय, कुनी कॅमेरा लावला का उडी मारायला. तुझ्या सायबांना सांग, काका मेला.

होलीला पन येऊ नको. बरा नाय इथं.

बाळाराम

---

उरण
१५ मार्च २०२५

रुतिका,

ही मैना काकी. एवरी वरसां तुमच्या दोघांच्या चिठ्ठ्या बोंबलाखाली घालून नेल्या, आज माझी एक.

काल मार्केटात तू इचारलास, "काका असं का लिवतो, माझा काय चुकला?" आनि मी पाठ फिरवून पापलेटावर पानी मारत बसले. तू रागानं गेलीस. बाय, तुझा काय चुकला नाय. मी बोलू शकत नव्हते. काकानं मना एकवीरा आईची शपथ घातलीय, का रुतिकाला एक शब्द बोलनार नाय. मी बोलत नाय. लिवते. लिवायची शपथ घालायचा त्याला सुचला नाय. आईला पन हे चालेल, तीही बाईच हाय.

काकाला दिसत नाय. दोनी डोल्यांत मोतीबिंदू. दोन वरसां झाली, वाढतच चाललाय. होडीच्या पुढच्या टोकापलीकडं सगला त्याला दुधावानी दिसते. म्हनून अक्षर मोठा. चष्म्यावर निकेश बसलाच नव्हता. डोंगर धुरानं नाय गेला, त्याच्या डोल्यातनं गेला. इंजिनाला पन कायच झाला नव्हता, त्याला वशेनीकरांचा जाला दिसलाच नाय. आनि गेल्या म्हैन्यात एका बार्जच्या एवऱ्या जवल गेला का वरच्या खलाशानं शिव्या घातल्या तवा त्याला कलला. घरी येऊन हसत होता. त्या राती जेवला नाय.

डाक्टरकडं येत नाय. त्याला भ्या वाटतो, एकदा का "म्हातारा आंधला झाला" असा ठरला का निकेश बोट इकेल. बोट गेली तर तो घरात बसून काय करंल? मी त्याला वलखते. चार म्हैन्यांत संपंल.

म्हनून तो बिल्डिंगीच्या मागं लागलाय गो. राती माझ्याशी बोलतो, "मैना, चाळीस माळे म्हंजे केवरी असंल! भडक असंल तर मना दिसंल. तेवरा दिसला तरी मी जागा गाठीन." बारक्या पोरावानी बोलतो. तू समजलीस तो तुझ्यासाठी तोंडचा घास सोडतो. नाय बाय, या येलंला तो स्वतःसाठी मागत होता. आयुष्यात पैल्यांदा मागितला त्यानं कुनाकडं कायतरी.

आता कॅमेरा घेऊन येऊ नको. चार लोकांपुढं त्याला खाच दिसली नाय तर तो परत पान्याकडं तोंड करनार नाय.

मी सांगितला असा सांगू नको. पन कायतरी कर.

काकी

---

जुईनगर
२३ मार्च २०२५

काका,

आधी रागावून घेते, मग बाकीचं.

मला कळलंय. कसं कळलं ते विचारायचं नाही. कुणी माझ्याशी एक अक्षर बोललेलं नाही, एकवीरेची शपथ. दोन वर्षं, काका! दोन वर्षं तू मला खोटं लिहितोयस. बार्जखाली गेला असतास तर मला काय सांगितलं असतं काकीने? इंजिन बिघडलं म्हणून? मी ते कळल्यावर ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि मग भिंतीवर लाथ मारली. अंगठा अजून दुखतोय.

मी पण शहाणी नाही. तू दोनदा लिहिलंस, उंच काढ, आणि मी ठरवूनच टाकलं की काका त्यागच करतोय. तुला नक्की काय पाहिजे हे विचारलंच नाही. मीटिंगमध्ये ज्या माणसाच्या नजरेवर एवढं भाषण ठोकलं, त्याची नजर कशी आहे ते मला ठाऊक नव्हतं.

पाच एप्रिल रद्द केलंय. स्वानंद सरांना सांगितलं, काका येणार नाहीत, आणि माझं बोलणंही तूर्त मागे घेते. मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. मी खरं कारण सांगितलं, तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, माझ्या आईने असंच तीन वर्षं लपवलं होतं. परवानग्या यायला पावसाळा उलटेल, तोवर दोन्ही डिझाइन टेबलावर राहतील.

आता कामाचं. समज, मी तुझ्यासाठी चाळीस मजले उभे केले, डोक्यावर कोंबड्याचा तुरा लावला, शेंदरी रंग फासला. बांधायला सहा वर्षं लागतील. सहा वर्षं तू काय खाडीत नांगर टाकून वाट बघणार? आणि उद्या मोतीबिंदू पिकला की तो तुरापण जाईल. मग काय, ऐंशी मजले?

निकेशदादाशी बोलले. त्याला आधी दोन शिव्या घातल्या. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिते: "मला बोट विकायची नाही गं. मला बाप जिवंत पाहिजे. तो बोट घेऊन गेला की मी गोदामात कंटेनर मोजतो आणि चुकतो." बोट विकायची भाषा तो पुन्हा काढणार नाही. पण डोळे झाल्याशिवाय तुला एकट्याला सोडणारही नाही. मी असते तर मीपण सोडलं नसतं.

जूनमध्ये बोटी किनाऱ्याला लागतात. तेव्हा दोन्ही डोळे करून घ्यायचे. मी सुट्टी टाकून येते, डोळ्यांत थेंब घालायला. तुला भीती वाटते, माहितेय. मलापण वाटते. हात धरून बसू. नारळी पौर्णिमेनंतर तू बोट काढ, आपल्या जागेवर जा, आणि तिथून नीट बघून मला सांग, बेलापुरात उंच पाहिजे का ठेंगणं. तुझं उत्तर येईपर्यंत मी तोंड उघडणार नाही.

नाही म्हणालास तर मी कॅमेरा घेऊन येईन. खरंच.

तुझी, फक्त तुझी
रुतिका

---

उरण, कोळीवाडा
२४ ऑगस्ट २०२५

बाय माझी रुतिका,

बघ, अक्षर बारीक आला का नाय? एका रेघेत आठ शब्द बसवलेत. काकी बोलते कागद वाचला.

तू धा दिवस राहून थेंब घालून गेलीस, तवा पट्टी नि काला चष्मा होता, पाऊस होता, नीट काय दिसला नाय. आता सांगतो. पैल्यांदा दिसली ती तुझी काकी. चुलीपाशी उभी होती. मी बघतच राहिलो. कवरी म्हातारी झाली गो ती! दोन वरसांत केस पांढरे, गाल बसलेले, आनि मना कुनी सांगितला नाय. मी बोललो, "मैना, तू कवा म्हातारी झालीस?" ती बोलली, "तू आंधला होतास तवा उरकून घेतला." मंग आमी दोघा पन रडलो. तुना कुनी लिवला तेही मना कलला. बायकोला शपथ घालायची तर वकिलाला बोलावून घालावी. पन बरा झाला तिनं लिवला. मी मेलो असतो, नायतर कुनाला तरी मारला असता. आता बोलतो ते खरा.

काल बोट काढली. निकेश पाठीमागं बसला होता, तोंड शिवून. मोबाइल खिशात. मी बोललो, काय बोलायचा नाय. कळस टोकाखाली आला. समोर बघितला. पावसानं आभाल धुतलेला, आनि पारसिक हिरवा उभा. एका अंगाला थोडा खरवडलाय कुनीतरी, पन खाच हाय गो! टाकीवर बसली. मी इंजिन बंद केला. निकेशनं पान्याखाली आपला जाला बांधायचा खुंट चाचपला. बरोब्बर त्यावर. पोरगा चाळीशीला आलाय, पन नाक पुसत होता. जाला टाकला. बोंबील आला, मांदेली आली, थोडी कोलंबी. काकी तुना देईल, राखलेली हाय.

आता तुझ्या सवालाचा जवाब. मना खुनेसाठी बिल्डिंग नको. डोंगर बस हाय. खाचेच्या आड येनार असंल तर बाजूला सरकव, आनि सरकत नसंल तर ठेंगन्या काढ. तुझ्या मॅडमला सांग, बाळाराम बोलला, शहराला तोंड पायजे हे बरोबर, पन त्यासाठी मान लांब करायची काय गरज नाय. ठेंगना मानूस पन वलखू येतो. तू तुझ्या चार ठेंगन्या अशा काढ का त्या डब्यांत मिसलनार नाय. कशा, ते तुना ठावूक. मी मासे मारनारा.

हे का सांगतो तेही सांगतो. जाला टाकला का पुढं काम नसते, मानूस किनाऱ्याकडं बघत बसतो. मी घराकडं बघितला, मंग बेलापूरकडं बघितला. मनात बोललो, आता डोले चांगले हायत, आपली रुतिका कुठं बसते ते बघू. सगल्या बिल्डिंगी एक-एक करून बघितल्या. सगल्या काचा, सगल्या सारख्या. निकेशला इचारला, त्यालाही सांगता येईना. लय येल बघितला. कंच्या बिल्डिंगीत तू हायस ते कायच कलला नाय.

म्हनून मी उभा राहिलो नि सगल्यांना हात केला.

तुझा काका
बाळाराम